वेळास : कासवांची वाट राखणारे गाव

सावित्री नदी अरबी समुद्राला मिळते तेथे खाडीच्या उत्तर तीरावर रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वर आणि दक्षिण तीरावर रत्नागिरी जिल्ह्यातील बाणकोट अशी दोन जुनी गावे समोरासमोर वसली आहेत. माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या मार्गाने येणारा प्रवासी बागमांडल्याला फेरीबोटीत गाडीसह चढतो आणि काही मिनिटांत पलीकडच्या वेसवीला उतरतो. तेथून बाणकोटच्या किल्ल्याखालून, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला समुद्र ठेवून जाणारा अरुंद रस्ता मंडणगड तालुक्यातील वेळास गावात येऊन विसावतो. पुढे गावाचा समुद्रकिनारा, आणि त्या किनाऱ्यावर दरवर्षी थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या अंडी घालण्यासाठी येतात. त्यांच्यासाठी सरकारने येथे अभयारण्य घोषित केलेले नाही. तारेचे कुंपण आहे ते फक्त काही चौरस मीटर वाळूभोवती. उरलेल्या किनाऱ्याचे रक्षण गावाच्या मनाने चालते, आणि हे मन काही फार जुने नाही. २००२ सालापर्यंत या वाळूत कासवाचे अंडे सहसा टिकत नसे.

गाव दोन्ही बाजूंच्या टेकड्यांमधील सखल जागी आहे. जांभ्या दगडाची कौलारू घरे, सारवलेली अंगणे, घरामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांतून खेळवलेले पाटाचे पाणी, असे कोकणचे परिचित रूप येथे आढळते. हॉटेल म्हणावे असे काही नाही. पाहुण्यांची सोय ग्रामस्थांच्या घरीच होते. पडवीत किंवा माजघरात अंथरुणे पडतात, आणि जेवायला भात, आमटी, भाकरी, हंगामानुसार फणसाची भाजी, सोलकढी व एखाद्या वेळी उकडीचे मोदक असतात. बहुतेक घरांत हे जेवण शाकाहारी असते. कांदा, लसूण व कंदमुळे वर्ज्य असणाऱ्या किंवा चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांनी मात्र तसे आधी कळवावे, कारण संध्याकाळची पिल्ले सोडण्याची वेळ आणि सूर्यास्त यांत फारसे अंतर राहत नाही. आधी सांगितले तर घरची गृहिणी किनाऱ्यावर जाण्यापूर्वीच पान वाढते.

कासवांच्या आधी वेळास ओळखले जात असे ते भानू घराण्यामुळे. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ भट यांच्यावर जंजिऱ्याच्या सिद्दीची वक्रदृष्टी झाली, तेव्हा खाडी ओलांडून ते वेळासला आले आणि येथील भानू बंधूंनी त्यांना आश्रय दिला, अशी परंपरा आहे. पुढे हे बंधू घरदार मागे ठेवून त्यांच्याबरोबर घाटावर निघाले. आपल्याला भाकरी मिळाली तर तिच्यातली चतकोर तुमची, असे वचन बाळाजीपंतांनी त्या वेळी दिल्याची कथा अजून सांगितली जाते. १७१३ मध्ये बाळाजीपंत पेशवे झाले. भानूंकडे फडणिशी आली. याच घराण्यातील बाळाजी जनार्दन म्हणजे नाना फडणवीस. त्यांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यास झाला आणि १८०० मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले. म्हणजे आयुष्य सारे घाटावर गेले. तरी मूळ गावाची ओढ राहिली. गावातील महालक्ष्मीचे व रामेश्वराचे देऊळ नानांच्या नावाशी जोडलेले आहे, आणि त्यांचे स्मारकही गावात आहे. कासवे पाहून लगबगीने परतणाऱ्या पाहुण्यांपैकी फार थोडे जण या देवळांपर्यंत जातात. ज्या गृहस्थाच्या शहाणपणावर मराठी राज्याचा गाडा पाव शतक चालला, त्याच्या गावी येऊन अर्धा तास सावलीत बसायला हरकत नसावी.

बाणकोटचा किल्लाही याच फेरीत पाहून होतो. जांभ्या दगडात बांधलेला हा लहानसा किल्ला हिम्मतगड या नावानेही ओळखला जातो. खाडीत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर येथून नजर राहत असे. १७५५ मध्ये इंग्रजांनी तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि पुढच्याच वर्षी पेशव्यांशी झालेल्या तहाने त्यांचा ताबा पक्का झाला. त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. पुष्कळांना हे नाव राणी व्हिक्टोरियाचे वाटते. परंतु राणीचा जन्म १८१९ चा, नाव त्याच्या साठ वर्षांहून अधिक आधीचे! तटावरून उत्तरेकडे हरिहरेश्वरचा डोंगर आणि खाली सावित्रीचे रुंद मुख दिसते. भरतीच्या वेळी समुद्राचे पाणी किती आत शिरते, हे तेथून नीट कळते.

हे सारे पाहून संध्याकाळी पाहुणे किनाऱ्याकडे निघतात. गाव आणि समुद्र यांच्यामध्ये एक छोटी खाडी व तिच्या काठाने कांदळवन आहे. ओहोटीच्या वेळी त्या चिखलात निवट्या उड्या मारताना दिसतात आणि एकच नांगी मोठी असलेले लाल खेकडे ती वरखाली हलवीत बिळाच्या तोंडाशी उभे असतात. खाडी ओलांडली की सुरूच्या झाडांची रांग लागते, आणि तिच्यापलीकडे लांबवर पसरलेली करडी वाळू.

याच परिसरात २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते आले होते ते कासवांसाठी नव्हेच. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी किनाऱ्याकाठच्या उंच झाडांवर कोठे कोठे आहेत, याची पाहणी ते करीत होते. त्या भटकंतीत वाळूवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. चौकशीअंती कळले, की कासवे येथे नेमाने येतात आणि त्यांची अंडी तितक्याच नेमाने काढून नेली जातात. काही खाल्ली जात, काही विकली जात. उरलेली कुत्री, कोल्हे आणि खेकडे फस्त करीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार या कासवाला पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणजे वाघाला असते तेवढे संरक्षण. पण कायद्याचे पुस्तक आणि पहाटेचा निर्जन किनारा यांत बरेच अंतर होते.

संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामस्थांशी बोलणे सुरू केले. पोलिसी धाक दाखवून हे काम झाले नसते, हे उघड आहे. तेवढ्या लांबीच्या किनाऱ्यावर रात्रभर पहारा कोण ठेवणार? उलट वाळूवरचा माग पाहून घरटे अचूक हुडकण्याची विद्या ज्यांच्यापाशी होती, तीच विद्या रक्षणाच्या कामी लावावी लागली. हात तोच राहिला आणि त्याचे काम बदलले. ग्रामपंचायत सोबत आली, वनविभागाने साथ दिली आणि किनाऱ्यावर पहिली हॅचरी, म्हणजे अंडी सुरक्षित उबवण्याची कुंपणबंद जागा, उभी राहिली. पहिल्याच हंगामात पन्नासच्या आसपास घरटी वाचली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले, त्यांच्याकडून येणारे पैसे गावातच राहिले, आणि ज्या अंड्याची किंमत पूर्वी बाजारात ठरत असे ते अंडे वाळूत राहण्यातच गावाचे हित आहे, हे हिशेबानेही पटले. दयेला हिशेबाची जोड मिळाली म्हणून तिचे मोल उणे होते असे मानण्याचे कारण नाही. आज रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या अनेक किनाऱ्यांवर वनविभाग आणि कांदळवन कक्षाच्या देखरेखीखाली हे काम चालते. त्याची सुरुवात वेळासची.

या कामाची रीत समजून घेतली, तर समोर दिसणाऱ्या उलट्या टोपल्यांचा अर्थ कळतो.

साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या अंधारात मादी पाण्याबाहेर येते. तिची पाठ दोन-सव्वादोन फूट लांब आणि वजन पस्तीस ते पन्नास किलो. पाण्यात सहज विहरणारा हा जीव वाळूवर मात्र वल्ह्यांसारखे पाय ओढीत, थांबत, धापा टाकीत सरकतो. भरतीच्या रेषेवरची कोरडी जागा निवडून ती मागच्या पायांनी खड्डा खणते. खड्ड्याचे तोंड अरुंद आणि पोट मोठे, अगदी मडक्यासारखे. त्यात ती शंभर ते सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, आपल्याच अंगाचा भार देऊन ती दाबते आणि तासाभरात समुद्राकडे वळते. पिल्लांची गाठ तिला पुन्हा पडत नाही.

पहाट होण्यापूर्वी गावातले कासवमित्र किनारा पायी तपासू लागतात. ट्रॅक्टरच्या चाकाने उठावी तशी जाण्या-येण्याची दुहेरी खूण वाळूवर असते. ती जेथे वळते तेथे बारीक काठीने वाळू चाचपली जाते. काठी जेथे अलगद आत उतरते, तेथे खाली घरटे. अंडी टेबल टेनिसच्या चेंडूएवढी आणि कवच चामड्यासारखे मऊ. ती एकेक काढून मोजली जातात व हॅचरीत नेली जातात. हे काम काही तासांच्या आत आणि अंडे न फिरवता करावे लागते. कारण आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो आणि त्यानंतर अंडे उलटले तर जीव दगावतो. हॅचरीत मादीने खणला असेल तितकाच खोल, त्याच आकाराचा खड्डा करून अंडी पुरतात आणि शेजारी तारीख व संख्या लिहिलेली पाटी लावतात. पुढचे काम वाळूच्या उबेचे. सुमारे पंचेचाळीस ते पंचावन्न दिवस लागतात. वाळू अधिक उबदार असेल तर माद्या अधिक निपजतात, थंड असेल तर नर. ही वाटणी आईबापांकडून ठरून येत नाही. एप्रिलमधली वाळू फारच तापली तर अंडी आतल्या आत करपतात, म्हणून उशिराच्या घरट्यांवर सावली धरावी लागते.

पिल्ले बाहेर येण्याचे दिवस जवळ आले की त्या जागेवर टोपली पालथी घालतात. खाली अंड्यातून सुटलेली भावंडे एकमेकांच्या धडपडीने वाळू ढासळवीत वर चढत असतात. एकट्याने हे जमत नाही. शंभर जणांच्या हालचालीने छताची वाळू खाली येते आणि तळ उंचावतो. पृष्ठभाग तापलेला असेल तर ती थबकतात आणि गारवा आला की बाहेर पडतात. म्हणून टोपल्या उचलून पाहण्याची वेळ सकाळी सातच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास.

दोन्ही वेळा कुंपणाबाहेर माणसे गोळा होतात. मुले सर्वांत पुढे. कासवमित्र एकेक टोपली उचलतो, पाहतो, पुन्हा ठेवतो. पहिल्या टोपलीखाली काही नाही, दुसरीखालीही नाही. कधी कधी शेवटच्या टोपलीपर्यंत काहीच नसते आणि शे-दोनशे माणसे मुकाट्याने परततात. दोन दिवसांची रजा काढून, घाट उतरून, खाडी ओलांडून आलेल्यांना हे जड जाते. एखादा मुलगा रडतो, एखादा पालक आयोजकांशी वाद घालतो. पण हा खेळ तिकिटावर लावलेला नाही, आणि मुलांना एवढे कळले तरी प्रवास फुकट गेला असे म्हणता येणार नाही.

टोपलीखाली पिल्ले असली, तर ती बोटाएवढी लांब आणि काळसर असतात. अंगाला वाळू चिकटलेली. ती मोजून पाटीत घेतात व पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर सोडतात. दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधलेल्या, पाहुणे दोऱ्यांबाहेर. हात लावायचा नाही, कॅमेऱ्याचा झोत टाकायचा नाही, मोबाईलची बत्ती लावायची नाही. कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, आणि त्यांच्या दृष्टीने उजेड म्हणजे क्षितिजावरचा समुद्र. येथे एक प्रश्न हमखास विचारला जातो : इतका त्रास कशाला, अलगद उचलून पाण्यातच का सोडत नाहीत? उत्तर असे, की हे वीस-तीस पावलांचे अंतर पिल्लाने स्वतः चालणे आवश्यक मानले जाते. या किनाऱ्याची ओळख, बहुधा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आधाराने, ते याच काळात मनात ठेवते, असे अभ्यासकांचे मत आहे. मोठी झालेली मादी अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मभागाकडे परतते ती या आठवणीच्या बळावर.

म्हणून शे-दोनशे माणसे हात मागे बांधून उभी राहतात. एक पिल्लू माणसाच्या पावलाने पडलेल्या खळग्यात उलथे होते. पाय हलतात, पोट आकाशाकडे. दोरीपलीकडची आजी पुढे झुकते, तिला मागे ओढावे लागते. कासवमित्र सांगतो, थांबा. क्षणभराने ते स्वतःच पालथे होऊन पुन्हा चालू लागते. जीवाला जपण्यासाठी धावून जायची शिकवण आपल्याकडे लहानपणीच मिळते. जीवाला जपण्यासाठी जागच्या जागी थांबणे मात्र वेगळे आणि अधिक अवघड आहे. पाहणे संपल्यावर परत फिरतानाही मार्गदर्शक बजावतात, की पायाखाली पाहून चाला, एखादे मागे राहिलेले असेल. ईर्यासमितीचे वर्णन ज्यांनी ग्रंथात वाचले आहे, त्यांना ती सूचना ओळखीची वाटेल. आणि कासव हे विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतस्वामींचे लांछन, हे बरोबरच्या मुलांना सांगायला याहून चांगली जागा मिळणार नाही.

पहिली लाट पिल्लाला मागे फेकते. दुसरीही. तिसऱ्या-चौथ्या लाटेत ते दिसेनासे होते. वर ब्राह्मणी घार आणि समुद्रपक्षी असतात, पाण्यात मोठे मासे. हजार पिल्लांमागे एखादेच प्रौढ होते असा सर्वसाधारण अंदाज सांगतात. प्रौढ व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात असे धरले, तर २००३ च्या हंगामात येथून गेलेल्यांपैकी जी जगली असतील, ती अलीकडच्या वर्षांत याच भागात परतू लागली असणार. ओळखावे कसे? बोटाएवढ्या पिल्लावर टिकेल अशी खूण घालता येत नाही.

मोठ्या कासवांवर मात्र खूण घालता येते. २०२२ च्या जानेवारीत वेळासला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारे यंत्र बसवून तिला समुद्रात सोडण्यात आले. तिचे नाव प्रथमा. देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर असा प्रयोग पहिल्यांदाच होत होता. त्यानंतर सावनी, रेवा, लक्ष्मी व वनश्री याही रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून अशाच यंत्रासह गेल्या. याहून मोठे आश्चर्य २०२५ च्या जानेवारीत गुहागरला घडले. तेथे अंडी घालताना आढळलेल्या मादीच्या पायावर धातूचा बिल्ला होता, आणि तो २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर लावलेला निघाला. गहिरमाथ्याला ही कासवे एकाच वेळी हजारोंनी किनाऱ्यावर चढतात. कोकणात ती एकेकटी येतात. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी असावीत असे अनेक अभ्यासकांना वाटत होते. या एका मादीने सारे उपखंड वळसा घालून ते गृहीतक प्रश्नांकित केले.

किनाऱ्यावर अंडी वाचली तरी समुद्रात धोका उरतोच. कासव फुप्फुसांनी श्वास घेते, त्यामुळे जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ते बुडून मरते. पूर्वी जाळे फाडून कासव सोडणे म्हणजे मच्छीमाराने आपल्याच पोटावर पाय आणणे होते. २०१८ च्या अखेरीपासून महाराष्ट्रात संरक्षित जीव सोडण्यासाठी जाळे कापल्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळण्याची सोय झाली आहे. तुटून समुद्रात वाहत राहिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांवर मात्र अजून उपाय सापडलेला नाही.

आणखी एक भार पाहुण्यांचाच. फेब्रुवारी ते एप्रिल या काळातील शनिवार-रविवारी गावाच्या लोकसंख्येला न पेलणारी गर्दी लोटते. पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची वेष्टने सुरूच्या झाडांखाली पडून राहतात. ज्या कुटुंबांना शक्य आहे त्यांनी मधल्या वारी जावे, किमान दोन रात्री राहावे म्हणजे चार वेळा टोपल्या उचलताना पाहता येतील, आणि गडद रंगाचे कपडे न्यावेत. आपला कचरा आपल्याबरोबर परत आणावा, हे सांगावे लागू नये.

मेच्या मध्यापर्यंत शेवटचे घरटे रिकामे होते. टोपल्या गोळा करून गावात नेल्या जातात, तारीख लिहिलेल्या पाट्या उपटल्या जातात, कुंपणाचे खांब व जाळी काढून ठेवतात. जूनमध्ये उधाण येते आणि हॅचरी होती त्या जागेवरूनही पाणी जाते. नोव्हेंबरात कुंपणासाठी नवी जागा पाहून खड्डे घेतले जातात, आणि पहाटे चारला पुन्हा कोणीतरी सुरूच्या रांगेतून वाळूवर उतरते.